साडूची सुसाट मोटार

एका तालुक्याच्या गावात संपत नावाचा फोटोग्राफर होता. हाताने कसबी, मनाने बरा. फक्त साडूचे नाव निघाले की त्याच्या पोटात दुखायचे. साडू दिगंबर पलीकडच्या गल्लीत राहायचा. दोघांनी एकाच दुकानातून, एकाच दिवशी, अगदी सारखे कॉम्प्युटर घेतले होते. रविवारी जेवणे उरकली की दोघे आपापल्या घरी बसून मोटारींच्या शर्यतीचा खेळ एकमेकांविरुद्ध खेळत. दिगंबरची मोटार सुसाट सुटायची. संपतची ऐन वळणावर अडखळायची.

यंत्र तेच, मग याचेच कसे पळते? या विचाराने संपतला घास गोड लागेना. दिगंबरला विचारले असते तर काम झाले असते. पण साडूपुढे तोंड उघडायचे? छे! व्हायरस अडवणारी राखण सतत चालू असते, तिच्यामुळे खेळ मंदावतो, असे त्याने कुठेसे ऐकले होते. दिगंबरने ती बंद केली असणार, असे त्याने स्वतःच ठरवून टाकले.

त्याच कॉम्प्युटरवर धाकट्या मेहुणीच्या, तेजूच्या, लग्नाचे सगळे फोटो होते. कॅमेऱ्यातले कार्ड पुढच्या कामासाठी पुसून झाले होते.

"अहो, फोटोंची दुसरी प्रत तरी काढून ठेवा," बायको ऊर्मिला म्हणाली.

"शर्यत झाली की काढतो."

संपतने राखण बंद केली. 'तुमचे यंत्र धोक्यात येईल,' असे पडद्यावर उमटले. त्याच्या डोळ्यांपुढे मात्र दिगंबरची मोटारच होती. त्याने 'चालेल' दाबले. गाडी जराशी पळू लागली, तरी दिगंबर पुढेच! संपतचा अगदी तिळपापड झाला. वेग वाढवून देतो म्हणणारी कसलीशी फुकटची फाइल त्याने उतरवून घेतली. तिला अडवायला आता कोणी नव्हते. तिच्याबरोबर व्हायरस शिरला आणि घटकाभरात एकही फोटो उघडेना. जिल्ह्याच्या गावाहून आलेल्या जाणकाराने दोन दिवस खटपट केली आणि हात टेकले.

पुढच्या रविवारी तेजू सासूला घेऊन मोठ्या हौसेने अल्बम बघायला आली. दिगंबरही आला होता. संपतने खाली मान घालून झाले ते सांगितले. तेजू तोंडाला पदर लावून आत निघून गेली.

तशाही वेळी संपत साडूवरच उसळला. "तुमच्यापायी झालं हे! राखण बंद केलीत म्हणूनच तुमची गाडी पळते ना?"

"बंद? मी काहीच बंद केलेलं नाही, राव," दिगंबर गोंधळून म्हणाला. "महिन्यातून एकदा कॉम्प्युटरचं खोकं उघडून पंख्यातली धूळ काढतो, एवढंच. यंत्र तापलं की मंदावतं. मला विचारलं असतंत, तर ब्रश घेऊन मीच आलो असतो."

आतून तेजूचे हुंदके ऐकू येत होते.

तात्पर्य: हेवा करणाऱ्याला दुसऱ्याला साधी गोष्ट विचारण्याचीही लाज वाटते, मग बरोबरी करण्याच्या नादात तो आपल्याच माणसांची ठेव उघड्यावर टाकतो.