थंडी भावाकडे आली

त्या राज्यात एका वेळी एकाच ऋतूला राहण्याची मुभा होती. डोंगरांनी वेढलेले एक खोरे, मधोमध तळे, उतारावर सफरचंदाच्या बागा आणि थोडी अक्रोडाची झाडे, एवढेच ते राज्य. एकाने चंबूगबाळे आवरून निघायचे आणि मग दुसऱ्याने यायचे, असा तिथला शिरस्ता. तो कुणी घातला हे कुणाला ठाऊक नव्हते. मोडावा असेही कधी कुणाच्या मनात आले नव्हते.

थंडी ही शरदाची थोरली बहीण. ऋतूंच्या वाटण्या होण्याआधी, सारे एकत्र राहत असताना, तिनेच त्याला कडेवर खेळवले होते. त्याला ऊन बाधले की ती त्याच्या कपाळावर हात ठेवायची आणि तो झोपी जायचा. पुढे वाटण्या झाल्या. शरदाला सुगीचे दिवस मिळाले, थंडीच्या वाट्याला त्यानंतरचे आले, आणि तेव्हापासून दोघांची गाठ पडली नाही. ती यायची तेव्हा तो नुकताच गेलेला असायचा. झाडे रिकामी, तळे मुके, पाखरे दूर देशी गेलेली, सगळ्यांची दारे लावलेली. कुणी आपल्याला "या" म्हटल्याचे तिला आठवत नव्हते. मात्र दर वर्षी एका काटेरी झुडपावर थोडी लाल फळे मुद्दाम राखलेली असत. ती शरद आपल्या ताईसाठी ठेवून जाई. थंडी ती खात नसे. नुसती बघत बसे.

एका वर्षी वारा तिच्याकडे गेला. वाऱ्याला बातमी पोहोचवण्यापेक्षा ती फुगवण्याची हौस अधिक.

"तुझा भाऊ बरा नाही गं," तो म्हणाला. "पिवळा पडलाय नुसता. खोकतोय. मी आपलं कानावर घातलं."

शरद दर वर्षीच पिवळा पडतो, हे थंडीला कुठून कळणार? तिने त्याला त्याच्या दिवसांत कधी पाहिलेच नव्हते. ती होती तशी उठली आणि निघाली.

ती खोऱ्यात उतरली तेव्हा सफरचंदांना अजून रंग चढायचा होता. अक्रोडाने एकही पान टाकले नव्हते. तळ्यावर हंसिणीची पिल्ले पंख मारून बघत होती, पण पाण्यावरून उठणे त्यांना जमत नव्हते. शरद शिडीवर उभा राहून एका फांदीची पाने रंगवत होता. थंडीच्या पावलांचा आवाज होत नाही. त्याच्या मानेला गार लागले म्हणून तो वळला.

"ताई?"

"अरे, तू तर धडधाकट आहेस," थंडी म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना. तिचे अश्रू खाली पडता पडता पांढरे झाले. भर दुपारी, सुगीच्या दिवसांत, खोऱ्यात बर्फ पडू लागला.

शरदाने कुंचला टाकला आणि धावत येऊन तिचा हात धरला. किती वाळलीस, तो म्हणाला. किती उंच झालास, ती म्हणाली. त्याने तिला सारे खोरे फिरवून दाखवले. पानावर तांबडा रंग कुठून चढवायला घेतात, फळात गोडी कधी उतरते, हे तो सांगत राहिला आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. रोज सकाळी ती म्हणे, "निघते आता." रोज तो म्हणे, "बस की गं अजून."

इतकी जागी माणसे, इतकी भरली झाडे तिने कधी पाहिली नव्हती. तिला सगळ्यांचीच माया आली. "उघडे कसे बसलात असे!" म्हणत ती प्रत्येकाला आपल्या हाताने पांघरूण घाली. कुणी कुडकुडताना दिसले की त्यावर आणखी एक घाली.

अक्रोड म्हातारा होता आणि रीतभात पाळणारा होता. पाहुणीला नको कसे म्हणायचे? भरल्या पानांवर थरावर थर साचत गेले आणि तो म्हणत राहिला, "छान आहे हो, छान ऊब आहे." एका सकाळी त्याची सर्वांत मोठी फांदी कडाडून मोडली आणि खाली आली.

"जुनीच होती ती," अक्रोड म्हणाला.

हंसिणीला मात्र एवढी रीत पाळणे परवडणारे नव्हते. ती तळ्यावरून चालत अक्रोडाखाली आली. दोन्ही भावंडे तिथे बसली होती.

"बाई, रागावू नका," ती थंडीला म्हणाली. "तळं काठाकडून गोठत चाललंय. पोरांचे पंख आखडलेत. धाकटीला तर मानसुद्धा उचलवत नाही. तुम्ही मायेनं करताय, दिसतं ते. पण तुम्ही इथं असेपर्यंत ती उडायची नाहीत."

"माझ्या बहिणीला असं बोलायचं काम नाही!" शरद उसळून म्हणाला. "किती वर्षांनी आलीये ती..." पुढचे शब्द बाहेर पडले नाहीत. तो खोकू लागला आणि खोकतच राहिला.

थंडीने खाली पाहिले. आल्या दिवसापासून तिने त्याचा हात हातात घेतलेला होता. त्या हाताची बोटे वाळक्या पानासारखी झाली होती. आणखी दाबली असती तर चुरा झाला असता.

तिने हात सोडला.

"तुला कळलं होतं?" तिने विचारले.

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू गेली असतीस."

थंडी उठली. सवयीने तिचा हात त्याच्या कपाळाकडे गेला, अर्ध्या वाटेवर थांबला आणि मागे आला. ती चार पावले दूर जाऊन उभी राहिली.

"अंगावर घेत जा काहीतरी," ती म्हणाली. मग हंसिणीकडे वळून म्हणाली, "पोरांना उन्हात ने." आणि ती डोंगर चढू लागली. तो थांब म्हणाला नाही.

ऊन पडले. पांघरुणे वितळून ओढ्याला गेली. सफरचंदे निम्मी गळाली होती. उरली त्यांना उशिरा का होईना, रंग आला. अक्रोडाची फांदी काही परत आली नाही; जखमेला वारा लागू नये म्हणून तो वाऱ्याला पाठ करून उभा राहू लागला. हंसिणीची पिल्ले एकामागून एक उडाली. धाकटी सगळ्यांत शेवटी उठली, पुन्हा पाण्यावर बसली, आणि परत उठली ती मात्र आईच्या मागोमाग गेली. शरद त्यांना निरोप द्यायला तळ्याकाठी आला होता. ती कुठवर जातात ते पाहायला त्याने मान वर केली, आणि तो तसाच बघत राहिला.

सर्वांत उंच डोंगराचा माथा पांढरा झाला होता. थंडी परत गेलीच नव्हती. जिथून खोरे दिसते आणि खोऱ्याला गारठा लागत नाही, अशी जागा शोधून ती तिथे बसली होती. शरद डोंगर चढू लागला.

तेव्हापासून सुगीच्या दिवसांत त्या खोऱ्यातून कुणीही वर पाहिले तर डोंगराचा माथा पांढरा दिसतो, पायथा पिवळा-तांबडा, आणि दोहोंच्या मध्ये उघड्या खडकाचा एक पट्टा. पट्ट्याच्या वरच्या काठाला एक जण बसलेली असते, खालच्या काठाला एक जण. तो झाडे आवरत थोडा खाली सरकला की तीही तेवढीच सरकते. पलीकडून हाक येते, "जेवलास का रे?" अलीकडून येते, "तू?" दिवसभर त्यांचे बोलणे चाललेले असते. पट्टा हळूहळू डोंगर उतरत येतो. त्याची रुंदी मात्र दोघांपैकी कुणीही कमी होऊ देत नाही.