डावा कौल

“पण लोकांना आधी सांगितलं असतं, तर मग तो प्रयोग कसला राहिला, बुवा?”

मकरंदने हे विचारलं ते बाजी मारल्याच्या थाटात. समोर कट्ट्यावर अच्युतबुवा सहाणेवर चंदन उगाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

कातळवाडीच्या वाघजाईच्या देवळाला लागून बुवांचा लहानसा मठ होता. मकरंद शहरातल्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना मानसशास्त्र शिकवायचा. सुट्टी लागली की मठात येऊन राहायचा आणि बुवा आपल्याला अनुग्रह कधी देतात याची वाट पाहायचा. बुवा हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. हुशार माणसाला असलं ताटकळणं फार जड जातं.

या खेपेला देवळाचा गुरव तापाने आडवा झाला आणि कौल लावायचं काम मकरंदच्या गळ्यात पडलं. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या चंदनाने एकेक पाकळी चिकटवायची, माणसाने आपला प्रश्न सांगायचा आणि हात जोडून वाट पाहायची. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. घर बांधायचं असो की सोयरीक जुळवायची असो, देवीला विचारल्याशिवाय कातळवाडीत पान हलत नाही.

मकरंदला यात एक गंमत दिसली. कौल खरा ठरतो, की कौल मिळाला म्हणून माणूसच तो खरा करून दाखवतो? प्रश्न चांगला होता, आणि त्याचं कुतूहलही खोटं नव्हतं. मग त्याने युक्ती काढली.

गाभाऱ्यात आडोशाला जाऊन तो फोडलेला चिंचोका उडवायचा. पांढरी बाजू वर आली तर उजव्या पाकळीला चंदन पातळ लावायचा, काळी आली तर डाव्या पाकळीला. पातळ चंदनाची पाकळी आधी सुटते. म्हणजे कोणाला कुठला कौल मिळणार, हे देवीही ठरवणार नाही, मागणारा माणूसही नाही आणि मकरंदही नाही. आपल्या या निःपक्षपातीपणाचं त्याला भारी कौतुक होतं.

आणि उत्तर मिळालं होतं! उजवा कौल मिळालेल्या गणू सुताराने कधीचं रखडलेलं दुकान थाटलंसुद्धा. डावा मिळालेली माणसं मात्र होत आलेलं काम सोडून घरी बसली. हे सगळं सांगताना मकरंदचा आवाज चढला होता.

“प्रश्न झकास आहे,” बुवा म्हणाले. “मलाही कधीचा पडलाय.”

मकरंदची कळी खुलली.

“डावा कोणाला गेला?”

त्याने नावं सांगितली. शेवटचं नाव शेवंताचं होतं. तिच्या धाकट्या लेकीच्या डोळ्यावर पडदा येत चालला होता. तालुक्याला शिबिरात ऑपरेशन होणार होतं आणि उशीर केलात तर नजर जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पोरीला नेऊ की नको, एवढंच शेवंताने देवीला विचारलं. चिंचोका काळा पडला.

“मग?”

“नाही नेलं. डॉक्टरांचा निरोप आला, तरी नाही. बघा ना बुवा, केवढी ताकद आहे कौलात!”

उगाळणारा हात थांबला.

“शिबिर कधीपर्यंत आहे?”

“उद्यापर्यंत...”

मकरंद हे बोलला खरा, पण आपलाच शब्द त्याच्या कानाला खटकला. बुवांनी चंदनाचं खोड सहाणेवर आडवं ठेवलं.

“तुझ्यावर एक प्रयोग करू?” त्यांनी विचारलं.

“करा की.”

“दुखेल कदाचित. नको म्हणालास तरी चालेल. मधेच उठून गेलास तरी माझी काही हरकत नाही.”

मकरंदला हसू आलं. चंदनाची सगळी मेख त्यानेच तर शोधलेली, त्याला काय दुखणार! तो बुवांच्या मागोमाग गाभाऱ्यात गेला.

बुवांनी पाठमोरं उभं राहून पाकळ्या लावल्या आणि बाजूला झाले.

“विचार देवीला. अनुग्रह मिळण्याइतका तू योग्य आहेस का.”

मकरंदने हात जोडले. नाटकच करायचं तर नीट करावं, एवढाच त्याचा विचार होता. पण पाकळ्यांवरून त्याची नजर हलेना.

डावी पाकळी जराशी सरकली... थांबली... आणि पडली.

तो हसायला गेला, पण हसू आलं नाही. इतक्या सुट्ट्या या माणसाच्या पायाशी काढल्या, त्या सगळ्या फुकट गेल्यासारखं त्याला वाटलं आणि फार वाईट वाटलं.

“बुवा... हे देवीचं, की तुमचं?”

बुवांनी त्याचा हात धरला आणि बोट देवीच्या डाव्या खांद्यावर टेकवलं. चंदन अगदी पाणी होतं. मग उजव्या खांद्यावर टेकवलं. तिथे घट्ट लेप होता.

“माझं,” ते म्हणाले. “लगेच सांगतोय तुला.”

“मला ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं, तरीही...”

“शेवंताला ठाऊक नव्हतं.”

मकरंद गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी मटकन बसला. बाहेर ऊन कलायला लागलं होतं. थोड्या वेळाने त्याने सुटकेची एक वाट शोधून पाहिली. शेवंताला सांगितलं तर गावभर होईल, मग पुढचा एकही कौल प्रयोगाच्या कामाचा राहणार नाही, सगळं मुसळ केरात, असं काहीतरी तो पुटपुटला.

“जाऊ दे केरात. प्रश्न तुझा होता. डोळा तिच्या लेकीचा आहे.”

आपल्याला प्रश्नाचा एवढा मोह पडला, की समोर डोळ्यांत पाणी आणून उभी असलेली बाई आपण पाहिलीच नाही, या जाणिवेने तो शरमला. तो उठला, चपला पायात सरकवल्या. पायऱ्यांवर जाऊन पुन्हा वळला.

“काय सांगू तिला?”

“खरं ते. चिंचोक्यापासून.”

“गाव मला दारात उभं करणार नाही, बुवा.”

“नसेल करणार.”

मकरंदने मान हलवली. आता वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. संध्याकाळची एसटी मिळाली तर शेवंता आजच पोरीला घेऊन निघू शकणार होती.

“जातो. तिचं दार दिवसभर उघडंच असतं. थेट आत जाऊन पायच धरतो तिचे.”

“उघडं असलं तरी बाहेर थांब,” बुवा म्हणाले. “आत येऊ का, म्हणून आधी विचार.”