घंटीचा सल्ला

पूर्वी सायकलीचे भाग बोलत असत, आणि सगळ्यांत जास्त बोले ती घंटी. एकदा तुळाजी पोस्टमनच्या सायकलीची पोलादी फ्रेम सीटखाली तडकली.

"वेल्डिंग करावं, की बदलावी?" तुळाजी पुटपुटला.

घंटीला जोर चढला. "मालक, तडकलेल्यांचे लाड कशाला? काढा मोडीत!" सीट आणि चाकांनीही री ओढली.

"अगं, तुम्ही सगळे माझ्याच अंगाखांद्यावर आहात," फ्रेम म्हणाली.

"म्हातारीला जिवाची भीती!" घंटी खिदळली.

तुळाजीला सल्ला पटला. त्याने नवीकोरी सायकल आणली आणि जुनी अख्खी भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवली.

"थांबा! मी धडधाकट आहे!" घंटी जिवाच्या आकांताने वाजू लागली. तो आवाज ऐकून गल्लीतल्या बायांनी घराघरांतलं भंगार बाहेर आणलं.