पेटीतल्या माश्यांची वाटी

डोंगरावरची कारवी सात वर्षांतून एकदाच फुलते; ती फुलायची होती, त्या वर्षीची ही गोष्ट. उंबराच्या ढोलीत पिंगी नावाची मधमाशी राहायची. समोरच्या मधपेटीतल्या पाळीव माश्यांना पेटीचा मालक रोज वाटीभर साखरेचा पाक ठेवी आणि ते पाहून पिंगीचा जीव जळे.

"काकू, आपण मेलं कोसभर उडायचं आणि त्यांना दारात आयतं. आपणही मागू या ना वाटी."

म्हातारी भागाकाकू म्हणाली, "माग खुशाल. मग उद्यापासून डोंगराकडे नाही, वाटीकडे बघत बसशील."

हिला कुणाचं चांगलं बघवत नाही, असं पिंगी मनात म्हणाली.

पुढे मालक परगावी गेला. त्याच आठवड्यात पिंगीला डोंगरावर कारवी फुललेली दिसली. फुलं सापडली की नाचून इतरांना वाट सांगायची, ही माश्यांची रीत. पण पिंगी ढोलीत न जाता आधी तोरा मिरवायला पेटीवर गेली आणि तिथं गरगर नाचली.

कोरड्या वाटीभोवती बसलेल्या माश्या तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. शेवटी एकीनं विचारलं, "नाच छान आहे गं. पण पाक कधी येणार?"