ऋतुजाची चौदा मिनिटं

"पण मी का म्हणून अर्थ लिहून द्यायचा, मास्तर?"

ऋतुजा बगाडे दारातूनच कडाडली. हातात दोन कागद. एक परीक्षकांनी दिलेला छापील फॉर्म: 'चित्रफितीचा अर्थ पाचशे शब्दांत लिहा. आज पाचपर्यंत न दिल्यास नापास.' दुसरं तिचं स्वतःचं निषेधाचं पत्र. त्यावर तिला मास्तरांची सही हवी होती.

हुसेनमास्तर विद्यापीठाच्या प्रायोगिक चित्रपट विभागात प्रोजेक्टर सांभाळायचे. सारी हयात जत्रेतल्या तंबूत सिनेमे दाखवण्यात गेलेली. पदवी म्हणाल तर नावाला नाही. पण फिल्म पुरी झाली की पोरं प्राध्यापकांच्या आधी यांच्याकडे धावायची.

"तिसऱ्या मिनिटाला माझी फिल्म बंद केली त्यांनी! म्हणाले, शिंपी सुईत दोरा ओवतोय, बरं, पुढे काय? अहो, माझे वडील आहेत ते! एक अक्षर लिहून देणार नाही मी. नापास तर नापास!"

"वर्ष जाईल."

"जाऊ दे खड्ड्यात!"

पोरगी भलतीच तिखट. मास्तरांना ते आवडलं, पण त्यांनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"सही करतो. आधी दाखव."

भर दुपार होती, खिडकीला धड पडदाही नव्हता. तरी भिंतीवर चित्र उमटलं. जाड भिंगांचा चष्मा, सुई, काळा दोरा.

आणि ऋतुजा सुरू झाली. भिंतीकडे पाठ करून, मास्तरांच्या तोंडाकडे बघत. "इथे काळ थांबतो, मास्तर. कट मी मुद्दामच दिला नाही. ही सुई म्हणजे श्रमाचं... आणि दोरा चुकतो ना, तिथे प्रेक्षकाची नजर..."

मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढली आणि प्रोजेक्टरच्या तोंडावर अडकवली.

भिंत कोरी झाली. बाईसाहेबांना पत्ताच नाही! आपल्या बोलतायत. काळ झाला, श्रम झाले, नजर झाली. चांगल्या नऊ मिनिटांनी दम खायला थांबली, तेव्हा कुठे मागे वळली.

"हे... कधीपासून?"

"तू सुरू झालीस तेव्हापासून."

ती लालबुंद झाली. "म्हणजे तुम्हीही त्यांच्यातलेच!"

"त्यांनी तीन मिनिटं तरी पाहिली," मास्तर म्हणाले. "तू?"

रागानं तिचे डोळे भरून आले. एवढी जीव ओतून केलेली फिल्म, आणि हा माणूस तिलाच विचारतोय!

मास्तरांनी टोपी काढून घेतली. "पहिल्यापासून लाव. आणि तोंड बंद."

ती जमिनीवर बसली. पाचव्या मिनिटाला जीभ वळवळली, ती तिनं दातांखाली धरली. सातव्या मिनिटाला बाबांनी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, सुईच्या नेढ्याशी नेलं... पुन्हा चुकलं. महिनाभर हेच ती संगणकावर बघत बसली होती. पण बाबांचा हात इतका थरथरतो, हे तिला आज दिसलं. आणि तो माणूस काही केल्या सुई खाली ठेवेना.

तेराव्या मिनिटाला दोरा गेला.

"शाब्बास, उस्ताद!" मास्तरांनी मांडीवर थाप मारली.

ऋतुजाला हसूही आलं आणि रडूही. भिंतीवर बाबांनी लगेच मांडीवर शर्ट ओढला आणि बटण लावायला घेतलं. कौतुक करून घ्यायला त्यांना सवड कुठे होती!

फिल्म संपली.

मग तिनं परीक्षकांचा फॉर्म पुढे ओढला, अर्थाच्या चौकटीवर एक आडवी रेघ मारली आणि खाली आपलं नाव लिहिलं. निषेधाचं पत्र मास्तरांपुढे सरकवलं.

"सही?"

"ते फाड."

"मग त्यांना देऊ काय?"

"फिल्म. पुन्हा लाव त्यांच्यासमोर आणि गप्प उभी राहा."

"आणि परत मध्येच बंद करून म्हणाले, अर्थ सांग, तर?"

मास्तर टोपी झटकत उठले.

"तू त्यांना विचार, दोरा गेला का."