डोहावरचा पहारा

सागाच्या एका रानात, फार मागे, एक म्हातारा वानर चितळांच्या कळपासाठी पहारा करी. बिबट्या दिसला की तो शेंड्यावरून ओरडे आणि कळप पळे.

एका उन्हाळ्यात झरे आटू लागले. नुकतीच व्यालेली एक चितळीण म्हणाली, "वानरबाबांनी पाण्यावरही नजर ठेवावी आणि त्यातून कोणता धोका येईल ते सांगावं, असा नियम करा."

कळपाचा म्होरक्या हसला. "पाण्याला काय दात असतात? उद्या म्हणशील, ढगांवर पहारा बसवा!"

ती हटेना. रोज तोच विषय काढी. शेवटी तो वैतागून म्हणाला, "बरं बाई, झाला तुझा नियम!"

वानर सगळे रान पालथे घालून परतला. तो म्हणाला, "टेकडीपलीकडचे झरे कोरडे पडलेत. साऱ्या रानाला आता आपला एकच डोह उरलाय. सांबरं, भेकरं, सगळी इकडेच निघालीत."

"येऊ देत," म्होरक्या म्हणाला. "बिबट्याचं सांगा. तो कुठल्या वाटेवर दिसला?"

"एकाही वाटेवर नाही."

"मग उगीच कशाला घाबरवता?"

"त्याला आता वाटा तुडवायची गरजच नाही. तो डोहाकाठच्या जांभळीखाली बसलाय. त्याच्या अंगाखालचं गवत दबून पिवळं पडलंय. आपण नियम आत्ता केला, म्होरक्या. तो कधीचा पाण्यावर नजर ठेवून आहे."

चितळिणीच्या पाडसाने आईला ढुशी दिली.

"आई, तहान लागलीय."