डोळे मिटून पाहिलेला सामना

रविवार, १९ जानेवारी. आकाश ढगाळ, वारा थंड. दुपार झाली तरी ऊन पडले नव्हते.

एका लहान गावातल्या मुलींच्या बास्केटबॉल संघाला एक प्रशिक्षक होता. मागच्या हंगामात हा संघ एकही सामना जिंकला नव्हता. या हंगामात तोच संघ जिल्हा स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोहोचला. वर्तमानपत्रात नाव छापून आले. तरी प्रशिक्षकाच्या मनाला स्वस्थता नव्हती. हे खरे यश की नुसता योगायोग, हे त्याला एकाच माणसाकडून ऐकायचे होते. ज्या वृद्ध गुरुजींनी त्याला हा खेळ शिकवला, त्यांना त्याने आग्रहाने उपांत्य सामन्याला बोलावले.

गुरुजी आले, पहिल्या रांगेत बसले आणि शिट्टी वाजताच त्यांनी डोळे मिटले. ते शेवटपर्यंत उघडलेच नाहीत. संघ जिंकला. मागून कोणीतरी म्हणाले, "आजोबांची झोप छान झाली. आता घरी सोडा त्यांना."

लोक पांगल्यावर प्रशिक्षक त्यांच्याजवळ येऊन बसला.

"गुरुजी, बरं नव्हतं का?"

"बरा आहे की."

"मग एकदाही खेळ पाहिला नाहीत."

"ऐकला. डावीकडे दे, थांब, आता मार. सबंध सामनाभर तुझा आवाज येत होता. समोरच्या मुली एकमेकींना हाका मारत होत्या, एकमेकींवर चिडत होत्या. तुझ्या मुलींचा आवाज मला आलाच नाही."

"पण आपण जिंकलो."

"तू जिंकलास. मुली खेळल्या की नाही, ते मला सांगता यायचं नाही."

"म्हणजे हे यश नाही?"

"अंतिम सामन्यात गप्प बसून बघ. मग तुझं तूच ठरव."

"आणि हरलो तर?"

"हरशीलही."

प्रशिक्षकाने विचारले, "गप्प बसून मी करायचं काय?"

"काही नाही. तेच अवघड आहे," गुरुजी म्हणाले. "मी शिकवलेली मुलं आता काही विचारायला येत नाहीत. आठवडा आठवडा दाराची कडी वाजत नाही. वाईट वाटतं. पण त्यांना माझी गरज उरली नाही, म्हणजे माझं काम झालं, असं मी धरून चालतो. एक तूच अजून येतोस."



अंतिम सामन्याला तो हातांची घडी घालून बसला. प्रत्येक शिट्टीनंतर मुली त्याच्याकडे पाहत आणि तो नजर खाली वळवी. मध्यंतरापर्यंत संघ बराच मागे पडला.

कर्णधार भार्गवी जवळ आली. "सर, रागावलात?"

"नाही. काय करायचं ते तुम्ही ठरवा."

मुली गोंधळून उभ्या राहिल्या. अखेर सर्वांत धाकटी नंदिता पुटपुटली, "ताई, तू मला पासच देत नाहीस."

"तू मोकळी असतेस कुठे?"

"असते. तू सरांकडे बघत असतेस."

कोणीतरी फिसकन हसले. मग सगळ्याच एकदम बोलू लागल्या.

उत्तरार्धात मैदानावर आवाजच आवाज होते. "इकडे, इकडे." "अगं सोड की." "मागे बघ, नंदे." चेंडू हातोहात फिरू लागला. अंतर कमी होत गेले. आता कोणीही बाकाकडे पाहत नव्हते. राखीव मुलीसुद्धा उठून रेषेपाशी उभ्या राहून ओरडत होत्या. लांबलचक बाकावर प्रशिक्षक एकटाच उरला होता. दोनदा त्याच्या ओठांवर शब्द आला. दोन्ही वेळा त्याने तो गिळला.

अंतिम निकाल : ४७ विरुद्ध ५२. संघ उपविजेता.